टेकायची जागा

खोली बघायला गेले तेव्हा डॉक्टरकाकू हॉलमधल्या गालिच्यावर पालथ्या पडल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मी घाबरून "काकू, पडलात का?" म्हणून ओरडले, तर त्या मान न वळवता म्हणाल्या, "पडली नाही, झोपली आहे. बूट काढ अन् हळू ये. तू चालतेस तर माझं बिन हलून राहिलं."

त्यांच्या हातात झाडूचा दांडा होता. दांडा एका जाड कापडाच्या पिशवीवर टेकवलेला, आणि त्याचं टोक काचेच्या दारातून बाहेर, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या व्हीली बिनवर रंगवलेल्या घरनंबरकडे रोखलेलं. अंगात सलवार-कमीज, त्यावर नवऱ्याचं जुनं जाकीट, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. वय पासष्टीच्या पुढचं.

"ये, बाजूला झोप," त्या म्हणाल्या.

मी ऑफिसमधून सरळ आले होते, अंगावर त्यातल्या त्यात बरा कोट होता. पण इंग्लंडात, रीडिंगमध्ये, स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, मराठी घरातली खोली मिळत असेल तर माणूस गालिच्यावर झोपतो. मी झोपले.

"दांडा धर. नंबरवर लाव. आता डोळे मिट. एक श्वास घे, सोड. उघड डोळे. कुठे आहे दांडा?"

"नंबरच्या जरा डावीकडे."

"मग दांडा नको ओढू उजवीकडे. तू सरक. दांडा बरोबरच असतो, माणूस वाकडा पडलेला असतो."

मी पोटावर सरकले. पुन्हा डोळे मिटून उघडले, तर दांडा नंबरच्या बरोबर मधोमध. मला उगीचच फार आनंद झाला.

"श्वास चांगला आहे तुझा," काकू गुडघ्यांवर हात रोवून उठत म्हणाल्या. "घोरत नसशील. कधी येतेस राहायला?"

एवढीच माझी मुलाखत. झाडूचा दांडा ही फक्त रंगीत तालीम आहे आणि खरी रायफल जिन्याखालच्या लोखंडी कपाटात, भिंतीला बोल्ट मारून, कुलपात ठेवलेली आहे, हे मला सामान लावून झाल्यावर कळलं.

काकू नागपूरच्या. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंही डॉक्टर, तरुणपणीच इकडच्या हॉस्पिटलात आले आणि इथेच राहिले. काकू भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. "सर्जन लोक कापाकापी करून हिरो होतात," त्या म्हणत, "माणूस मात्र आमच्या भरवशावर झोपलेला असतो." त्यांचे वडील चंद्रपूरकडच्या जंगलखात्यात होते. लहानपणी त्या वडिलांबरोबर मचाणावर बसून जनावरं बघायच्या. बंदूक वडिलांच्या हातात, आणि काकूंच्या हाताला सक्त मनाई. ती मनाई आयुष्यभर कुठेतरी टोचत राहिली असावी.

यजमान गेले, नोकरीतून निवृत्ती झाली, आणि एका सकाळी मागच्या बागेत कोणीतरी गुलाबाच्या कळ्या आणि मेथीचा अख्खा वाफा खाऊन गेलं. दुसऱ्या दिवशी काकू खिडकीत दबा धरून बसल्या. कुंपणाखालून कुत्र्याएवढं, पाठीत जरा वाकलेलं, तपकिरी जनावर आलं. शेजारी म्हणाले मुंटजॅक. काकू ओरडल्या, "अवो, हे तर भेकर!"

मग त्यांनी सगळा इतिहास काढला. "आपलं भेकर जरा थोराड असते. हे चिनी. कोण्या लॉर्डसाहेबानं शोभेसाठी आणलं, त्याच्या कुंपणातून निसटलं, अन् आता अर्ध्या इंग्लंडभर झालं आहे. तुम्हा पोरांना वर्क परमिट मिळता मिळत नाही अन् हे बघ, ना पासपोर्ट ना काही. मजेत मेथी खाऊन राहिलं."

आमच्या काकूंनी मग रीतसर शिकारीचा कोर्स केला. वर्गात सगळे गोरे बाप्ये, टोप्या घातलेले. शिकवणारा म्हणाला, गोळी सोडताना छाती भरून श्वास घ्या आणि धरून ठेवा. काकूंनी हात वर केला. "भरलेली छाती धडधडते. श्वास सोडल्यावर पुढचा यायच्या आधी शरीर आपोआप थांबते. तेवढ्यात काय ते करून घ्या. मी जन्मभर हेच पाहत बसली होती." म्हणे तेव्हापासून तो शिकवणारा त्यांना मॅडम म्हणू लागला. हे खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

गावाबाहेर सफरचंदाची रोपवाटिका असलेला एक म्हातारा इंग्रज होता. भेकरं त्याच्या रोपांच्या साली सोलून खात. त्यानं काकूंना आपल्या जमिनीवर शिकारीची परवानगी दिली होती. तिथे एका ओकच्या झाडाला लाकडी शिडी आणि बसायची फळी ठोकलेली होती. इंग्लिशमध्ये तिला हाय सीट म्हणतात; काकू मचाणच म्हणायच्या.

पण शिकारीपेक्षा काकूंना वेड होतं ते रायफल टेकवण्याचं. कुठलीही वस्तू दिसली की त्या आधी तिच्यावर कोपर टेकवून बघत. गाडीचं बॉनेट, इस्त्रीचं टेबल, माझी लॅपटॉपची बॅग, बसस्टॉपवरचा कठडा. सुपरमार्केटमध्ये एकदा त्या बटाट्यांच्या गोणीवर छत्री आडवी ठेवून एक डोळा मिटून उभ्या होत्या, आणि दुसऱ्या टोकाला ब्रेडच्या रांगेतला एक गृहस्थ हळूहळू हात वर करत होता.

"हात कोणाचाच स्थिर नसतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. "स्थिर असते ती टेकायची जागा. अन् ती मऊ पाहिजे. कठीण दगडावर टेकवलीस तर रायफल उडते. मऊ, पण लेचीपेची नको. आमचे हे तसे होते."

मऊ पण लेचीपेची नाही अशा पिशवीचा शोध त्यांनी आपल्याच स्वयंपाकघरात लावला होता. "तांदळाची पिशवी केली, तो दगडासारखा बसून जाते. तुरीची डाळ सरकते. मोहरी शिवणीतून गळते, सगळ्या मचाणावर फोडणी केल्यासारखी. साबुदाणा पाहा. रायफल ठेवली की हवा तेवढाच दबतो, मग जागचा हलत नाही." जाड कापडाची, चारी बाजूंनी दोऱ्यानं घट्ट शिवलेली ती साबुदाण्याची पिशवी स्वयंपाकघराच्या फडताळात, रव्याच्या डब्याशेजारी असायची. उंदीर नाहीत, ओल नाही, म्हणून तिथे.

उभ्यानं नेम धरायचा तर तीन काठ्या वरच्या बाजूला एकत्र बांधून केलेलं तिकाटणं असे. ते छत्रीच्या स्टँडमध्ये. मला यातल्या कशालाही हात लावायची परवानगी होती, रायफल सोडून. तिच्या बाबतीत कायदा कडक होता आणि काकू कायद्याहून कडक. परवान्याच्या तपासणीला पोलिसांचा माणूस आला, त्यानं कपाट, कुलूप, बोल्ट सगळं हलवून पाहिलं आणि मग नियमाप्रमाणे विचारलं, घरात काही ताणतणाव?

"आहे," काकू माझ्याकडे बोट दाखवत इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "ही कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही."

संध्याकाळी मचाणावरून परतल्या की मी विचारायचे, "काय झालं?" बहुतेक वेळा एकच उत्तर, "आज बसली नाही." म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतली बारीक फुली जनावरावर स्थिर बसली नाही. नाही बसली तर गोळी नाही. जनावर समोर चरत असलं तरी नाही. सुरुवातीला मला वाटायचं, काकूंना मुळात मारायचंच नसतं आणि ही पळवाट आहे. तसं नव्हतं. फ्रीझरमध्ये मांसाची पाकिटं असायची, आणि ती काकू आवडीनं खायच्या.

पण त्या हिवाळ्यात 'आज बसली नाही' फार वेळा ऐकू येऊ लागलं. मग माझ्या लक्षात आलं की मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, जिथे सगळे उभ्यानं खातात-पितात, तिथे काकू कधीच चहा घेत नाहीत. घरी घेतात, पण आधी कोपर टेबलावर टेकवून. एकदा त्या नुसत्याच उभ्या राहून किटली ओतत होत्या आणि चहा कपाच्या बाहेर, बशीत, टेबलावर, सगळीकडे गेला. मी बघते आहे हे बघून म्हणाल्या, "वयाचा कंप आहे. त्यानं मरत नाही कोणी. टेकवला की थांबतो." आणि तो विषय तिथे संपला. कुणीतरी दार बंद करावं तसा.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. बाबांना विमानाची धास्ती, ते पुण्यातच राहिले. आई बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, कट्टर शाकाहारी. लसूणसुद्धा ती चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून बंद करते. मी आधीच काकूंचे पाय धरले होते, "काकू, रायफलचं आईला एक अक्षर कळता कामा नये."

"नाही कळणार," काकू म्हणाल्या. "फ्रीझरवर 'औषधं' लिहून चिकटवते."

आठवडाभर दोघींचं छान जमलं. आई काकूंना 'डॉक्टर' म्हणे, काकू आईला 'वहिनी'. मग चतुर्थी आली. सकाळी खाली आले तर आईनं खमंग खिचडी केली होती, वर ओलं खोबरं, आणि काकू दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

"मोकळी झालीय ना?" आईनं विचारलं.

"वा! दाणा न् दाणा सुटा. पण वहिनी, साबुदाणा कुठून आणलात?"

"आणला कुठला! तुमच्याच फडताळात होता की. काल संध्याकाळी भिजवला. शिवलेल्या पिशवीत ठेवता तुम्ही, मी म्हटलं डॉक्टरांचं घर म्हणजे काय, किती नीटनेटकं. पिशवी धुऊन वाळत घातलीय हो."

काकूंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, सगळ्या चेहऱ्यानं नाही नाही म्हणत होते. काकूंनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, निभावलं. पण साबुदाण्याचं कौतुक त्यांना आवरेना.

"पाहा वहिनी, याला म्हणतात साबुदाणा," त्या म्हणाल्या. "याच्यावर रायफल टेकवून मी अख्खा हिवाळा भेकरं मारली, तरी एक दाणा फुटला नाही."

"काय मारली?"

"आई, ते म्हणजे..." मी सुरू केलं.

"भेकरं," काकू म्हणाल्या. "हरणाच्या जातीचं असते."

आईनं चमचा ताटलीत ठेवला. आवाजही केला नाही. मग फक्त एवढंच विचारलं, "पिशवी कुठे ठेवायचात? खाली?"

"कधी जमिनीवर, कधी मचाणावर. एकदा चिखलात पडली होती. पण बाहेरून."

"बाहेरून," आई म्हणाली आणि उठून वर गेली.

त्या दिवशी तिचा उपवास निर्जळी झाला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून निळी चिकटपट्टी मागून घेतली आणि ओट्यावर मधोमध एक रेघ ओढली. अलीकडे आमचं, पलीकडे काकूंचं. काकूंनी ती रेघ इतकी पाळली की माझी शरमेनं पुरेवाट झाली. स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारावर टकटक करून त्या विचारायच्या, "येऊ का आत? मीठ पाहिजे होतं. माझ्याच बाजूचं."

एकदा आईला राहवलं नाही. "तुम्ही डॉक्टर. जन्मभर माणसं वाचवलीत. मग हे करताना काही वाटत नाही?"

"वाटते नं. म्हणून तर साबुदाणा भरला. ज्याला काही वाटत नाही तो कसाही मारतो. जनावर पाय ओढत जाते मग दोन-दोन दिवस."

"हे सगळं ऐकायला बरं आहे," आई म्हणाली. आणि रात्रीच्या जेवणाला मला बजावलं, "मी परत जायच्या आत तू दुसरी खोली बघ. बंदुकीच्या घरात मी तुला ठेवणार नाही."

मी खोल्या बघू लागले. एक गिरणीसारख्या आवाजाच्या बॉयलरशेजारी होती, एकीत सहा मुलांत एक बाथरूम. पण खरं सांगायचं तर जगात कुठलीही खोली मिळाली असती तरी मला जायचं नव्हतं. काकूंना मी तसं म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त सकाळी माझ्या चहाचा कप रेघेच्या बरोबर काठावर, पण आमच्या बाजूला, ठेवलेला असायचा.

मग तो शनिवार. दुपारी रोपवाटिकेच्या म्हाताऱ्याचा फोन आला. एक भेकर कुंपणाच्या तारेत अडकलं होतं, धडपडून सुटलं, पण मागचे दोन्ही पाय मोडलेत. ओहोळापलीकडे झुडपात पडलं आहे आणि ओरडतं आहे. जवळ गेलं की खुरडत आणखी आत जातं. लगेच या.

काकूंची गाडी एमओटीला, वार्षिक तपासणीला, गेली होती. "चल, तुझी काढ," त्या मला म्हणाल्या आणि कपाट उघडायला धावल्या. आई जिन्यात उभी होती. मी म्हटलं, "आई, तासाभरात येतो." ती म्हणाली, "मी या घरात एकटी थांबणार नाही," आणि चपला घालून मागच्या सीटवर, बंद कव्हरातल्या रायफलकडे पाठ करून, दाराला चिकटून बसली.

मुंटजॅकचं भुंकणं मी ऐकलं होतं. हे भुंकणं नव्हतं. रोपवाटिकेच्या फाटकाशीच ते ऐकू आलं. लहान मूल किंचाळावं तसं, मध्येच थांबायचं आणि पुन्हा. आईनं पदर कानांवर ओढला. म्हातारा आम्हाला ओहोळाच्या काठापर्यंत घेऊन गेला. पलीकडे, दोन बसच्या लांबीइतक्या अंतरावर, मातीच्या उंच बांधाखाली ते पडलं होतं. मागे माती होती, म्हणजे गोळी भलतीकडे जायची भीती नव्हती. पण आमच्या बाजूला कमरेएवढी खाजकुयलीसारखी नेटल्स माजलेली. झोपून नेम धरायची सोय नाही.

"तिकाटणं दे," काकूंनी मला हात पुढे केला.

मी गाडीत बघितलं होतं. नव्हतं. "स्टँडमध्येही नव्हतं, काकू. मला वाटलं तुम्ही घेतलंत."

आई हळूच म्हणाली, "त्या तीन काठ्या ना? बागेत आहेत. त्यावर माझी साडी वाळतेय."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. पलीकडचं जनावर पुन्हा ओरडलं. काकूंनी कुंपणाच्या खांबावर जाकिटाची घडी ठेवून रायफल टेकवली, तर खांब मुळापासून कुजलेला, हलायला लागला. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि नुसत्या हातांवर रायफल धरून बघू लागल्या. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. नळीचं टोक थरथरत होतं. थोडंथोडकं नाही. म्हाताऱ्या इंग्रजानं नजर खाली केली.

काकूंनी रायफल खाली घेतली. "नाही बसत," त्या म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मी येते काकू, माझ्या खांद्यावर ठेवा," मी म्हटलं.

"तू ताडासारखी उंच. अन् थरथरतेस माझ्यापेक्षा जास्त."

खरंच थरथरत होते. भेकर ओरडलं, आणि या खेपेला लांबवर ओरडत राहिलं. आईनं पदर कानांवरून काढला. अंगावरची शाल काढून तिची चौपदरी घडी केली, ती उजव्या खांद्यावर ठेवली आणि नेटल्स साडीनंच बाजूला सारत काकूंच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"टेकवा," ती म्हणाली.

"वहिनी..."

"टेकवा हो! किती वेळ ओरडत ठेवणार त्याला?"

काकूंनी आपल्या गळ्यातले कान झाकायचे मफ काढून आईच्या कानांवर चढवले, एक बाजू उचलून तिच्या कानाशी बोलल्या. त्यांचा आवाज बदलला होता. ऑपरेशन टेबलावर त्या असंच बोलत असणार.

"डोळे मिटा. डोकं डावीकडे. गुडघे सैल सोडा, ताठ नका राहू. मोठा श्वास नका घेऊ, रोजच्यासारखा घ्या. मी तुमच्या पाठीवर दोन बोटं टेकवते. बोटं दाबली की श्वास सोडायचा अन् जरा थांबायचं. पुढचा घ्यायची घाई करायची नाही. मीही तुमच्यासंगच थांबणार आहे."

रायफल आईच्या खांद्यावर आली. दोघी काही वेळ नुसत्याच उभ्या होत्या. आधी दोघींच्या पाठी वेगवेगळ्या वर-खाली होत होत्या, मग हळूहळू एकाच वेळी होऊ लागल्या. मी आईला स्वयंपाक करताना, भांडताना, झोपलेली, आजारी, सगळी पाहिली आहे. इतकी शांत कधीच पाहिली नव्हती. काकूंनी बोटं दाबून हात काढून घेतला. दोघींचा श्वास बाहेर आला आणि थांबला.

नळीला आवाज दाबणारं नळकांडं होतं. जाड पुस्तक टेबलावर पडावं तेवढाच आवाज झाला. ओरडणं मध्येच तुटलं.

काकू लगेच हलल्या नाहीत. दुर्बिणीतून बघत राहिल्या, मग रायफल रिकामी केली आणि आईच्या कानांवरचे मफ उचलले. आई तशीच, डोळे मिटून.

"हलू का?"

"हला आता."

"झालं?"

"झालं."

"त्याला दुखलं नसेल ना?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मला दुसरं काही येत नाही वहिनी. दुखू न देणं तेवढं येतं."

म्हाताऱ्या इंग्रजानं टोपी काढून आईला हात पुढे केला आणि "रॉक सॉलिड, मॅडम, रॉक सॉलिड," असं काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं.

"तुम्ही दगड आहात म्हणतो," काकू म्हणाल्या, आणि मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता ओहोळाच्या काठावर खाली बसल्या, आणि रडू लागल्या. आईनं शाल झटकली आणि त्यांच्या अंगावर टाकली. हातापायांना नेटल्स चावून लाल चट्टे उठले होते, ते ती घरी येईपर्यंत खाजवत होती. पण मागच्या सीटवर आता ती मधोमध बसली होती.

घरी आल्यावर आईनं डोक्यावरून अंघोळ केली, देवाला दिवा लावला. मला वाटलं, आता ती खोलीतून बाहेर येत नाही. पण खाली आली. काकू आपल्या बाजूला तव्यावर भेकराचं काळीज परतत होत्या. आईनं आपल्या बाजूला मेतकूट-भात कालवला. दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर बसल्या. आईनं पहिल्या घासाला डोळे मिटले, बहुधा वासामुळे. मग किटली तिनंच उचलली आणि काकूंच्या कपात चहा ओतला. थेंबही सांडला नाही.

"आजची शेवटची, वहिनी," काकू म्हणाल्या. "रायफल परत करून टाकते. सोमवारीच दुकानदाराला फोन करते. आज तुम्ही नसत्या तर काय झालं असतं, मला माहीत आहे. तुम्ही पाहिलंत माझे हात."

मी खाली बघून जेवत होते. घरात बंदूक नाही म्हणजे माझी खोली वाचली, हे माझ्या मनात आलं होतं.

आई बराच वेळ भात कालवत राहिली.

"पुन्हा असा फोन आला तर?" तिनं विचारलं. "तारेत अडकलेलं, गाडीनं उडवलेलं. मग कोण येतं?"

"कोणीतरी येईल. वेळ लागतो. कधी कधी दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी!" आई म्हणाली. मग चमचा खाली ठेवून, बँकेत एखाद्याचा कर्जाचा अर्ज मंजूर करावा तशा सुरात म्हणाली, "हे बघा डॉक्टर. चालत्या-खेळत्या जनावराला नाही. ते मला खपणार नाही. पण जखमी असेल, ओरडत असेल, तर मला सांगा. माझा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे."

काकूंनी रायफल परत केली, ती नोव्हेंबरात. तोपर्यंत त्यांनी एकाही धडधाकट भेकराला गोळी घातली नाही; मेथीचा वाफा पुन्हा साफ झाला, तो त्यांनी सोसला. पण आजूबाजूच्या शेतांवर बातमी पसरली होती, आणि कधीमधी फोन वाजायचा. मग दोघी निघायच्या, एक जाकीट घालून, एक खांद्यावर घडी घातलेली शाल टाकून. मी ऑफिसमधून आले की घर रिकामं असायचं. ओट्यावरची रेघही राहिली नव्हती. चिकटपट्टी कुणी काढली ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

रविवारी पुण्याहून बाबांचा फोन यायचा. एका रविवारी मी शेजारीच बसले होते. बाबांनी विचारलं असावं, तिकडे दिवसभर करतेस तरी काय.

आईनं काकूंकडे पाहिलं. काकू टेबलावर कोपर टेकवून चहा पीत होत्या.

"काही नाही हो," आई फोनमध्ये म्हणाली. "उभी असते."